जुनी ठेवा, नवी फिरवून आणा

आमच्या शोरूमच्या टेस्ट राइडच्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना 'शेरा' असा आहे. माणूस गाडी फिरवून आणतो, तिथं 'ठीक' लिहितो, सही ठोकतो आणि जातो. तीन वर्षं ते रजिस्टर माझ्याकडे आहे आणि सगळ्या पानांवर ठीक, ठीक, ठीक! जे ठीक नव्हतं ते सगळं माझ्या डोक्यात साठलंय. कोणी चहा पाजला की बाहेर पडतं.

पद्धत साधी. एक्सचेंजला जुनी गाडी आणायची, तिची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची, आणि नवी घेऊन पुलापर्यंत चक्कर मारून यायचं. तेवढ्यात आमचे मेकॅनिक सलीमभाई जुनी गाडी तपासून भाव सांगतात. बारा वर्षं घरात काढून मी ह्या नोकरीला लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "मोटारसायकलीच्या दुकानात बाई? सहा महिन्यांत परत येशील." मला परत जायचं नव्हतं. मला ही खुर्ची जाम आवडते, खोटं कशाला बोलू. आणि ह्याच खुर्चीवर गदा आणली ती आमच्या एकेका गिऱ्हाइकानं!

* * *

निंबोल्याचे एक काका आले. किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, काका, बिनधास्त चालवा, मन भरेपर्यंत बघा. इथंच माझं चुकलं. मन भरेपर्यंत!

काका गेले. अर्धा तास झाला, तास झाला, दुपार झाली. फोन बंद. शटर पाडायची वेळ झाली तरी काकांचा पत्ता नाही.  शोरूमचे मालक, आमचे शेठ, म्हणाले, ताई, रजिस्टर तुमचं, सही तुम्ही घेतली, आता गाडीपण तुम्हीच आणा. दुसऱ्या दिवशी सलीमभाईंना निंबोल्याला पाठवलं, तर घरचे म्हणाले, काका नव्या गाडीवर मुलीच्या सासरी गेलेत, येतील ना!

चौथ्या दिवशी काका हजर. सीटला केळीचा चीक, चाकांना हातभर चिखल. मी जवळजवळ किंचाळलेच, अहो काका, चार दिवस! त्यांना माझंच नवल वाटलं.

"बाई, बैल घेताना चार दिस औताला जुंपून बघतो का नाही? मंग हे तर बैलाहून महाग."

मी कसंबसं विचारलं, मग घेता का? काकांनी मान हलवली.

"चालीला बरी हाये. पण चारा लई खाते."

आणि स्वतःच्या जुन्या गाडीला किक मारून गेलेसुद्धा. रजिस्टरमध्ये शेरा काय, तर ठीक.

* * *

इतवारा बाजारातल्या कापडदुकानात कामाला असलेला एक मुलगा रविवारी आला. कडक इस्त्री, केसांना जेल, सेंटचा घमघमाट. मला वाटलं, मुलगा हौशी आहे. लाल गाडी घेऊन गेला तो दीड तासानं आला. ट्रॅफिक होतं म्हणाला. बुऱ्हाणपुरात, रविवारी, दीड तास ट्रॅफिक!

पुढच्या आठवड्यात बहादरपूरचे एक गृहस्थ आले, सोबत बायको आणि मुलगी. म्हणाले, आमच्या होणाऱ्या जावयानं इथूनच लाल गाडी घेतली आहे, अगदी तशीच आमच्या मुलाला दाखवा. त्यांनी जावयाचं नाव सांगितलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. हा पठ्ठ्या आमच्या टेस्ट राइडच्या गाडीवर मुलगी बघायला गेला होता!

खरं सांगावं तर लग्न मोडतं, खोटं सांगावं तर ह्या पोरीला फसवल्यासारखं होतं.  तेवढ्यात मुलगीच शांतपणे बोलली.

"बाबा, टाकीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत 'टेस्ट राइड' लिहिलं होतं. मी तेव्हाच वाचलं."

वडील मटकन खुर्चीत बसले. मग बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"तो स्वतः सांगतो का ते बघतेय. तोपर्यंत मीपण त्याला टेस्ट राइडवरच ठेवलंय."

तिच्या आईला हसू आवरेना. शेठना मात्र आलं नाही. ते म्हणाले, ताई, अजून एक भानगड झाली की हे टेबल बंद.

* * *

ती व्हायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत.

नोकरीतून रिटायर झालेले एक साहेब अठरा वर्षांची गाडी एक्सचेंजला घेऊन आले आणि टेस्ट राइडला गेले. ते कोपऱ्यावर वळले नसतील तोच रिक्षातून त्यांची बायको उतरली. धापा टाकत मला म्हणाली, "गाडी दिली का हो?" मी म्हटलं, अजून नाही. तिनं तडक जुन्या गाडीचं साइड कव्हर ओढलं, पान्यांच्या पिशवीमागून पावडरचा डबा काढला आणि तिथंच उघडून बघितला. आत सोन्याच्या दोन पाटल्या!

सलीमभाईंच्या हातातला पाना खाली पडला. मी म्हटलं, काकू, अहो, इथं? सोनं?

"घरात ठेवलं की ह्यांना सापडतं. गाडीचं मात्र ह्यांनी आजवर काही उघडून पाहिलेलं नाही. मेकॅनिककडे नेतात कुठं!"

नेमके तेव्हाच साहेब परत आले. पाटल्या बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या पाटल्या चोरीला गेल्या म्हणून त्यांनी आपल्या सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं म्हणे! मग गिऱ्हाइकांसमोर जे भांडण जुंपलं त्याचं काय वर्णन करू. शेवटी काकूंनी जाहीर केलं की गाडी द्यायची नाही, आणि साहेब पुढे, काकू मागं, असे दोघं त्याच गाडीवर भांडत भांडत घरी गेले.

शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं. एक तारखेपासून टेस्ट राइड बंद, ताई, तुम्ही दुसरीकडे बघा. मी घरी काही बोलले नाही. सासूबाईंचं 'मी म्हटलं नव्हतं का' मला ऐकायचं नव्हतं. पोळ्या लाटताना मात्र रडू आलं.

* * *

आणि मग माझा शेवटचा दिवस उजाडला.

शहापूरचे एक मास्तर नऊ वर्षांची काळी गाडी एक्सचेंजला घेऊन आले. शेठ म्हणाले, जाता जाता तुम्हाला दाखवतो काम कसं करतात ते. सलीमभाईंना त्यांनी बाजूला केलं. गाडी मी स्वतः चालवणार आणि भावही मीच सांगणार, म्हणाले. मी सवयीनं रजिस्टर पुढे केलं. शेठ म्हणाले, मालकाला कसली सही? आणि गेले.

पाऊण तासानं आले. स्टँड लावला आणि खुशीत मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. इंजिन मख्खन, गाडी फार जपलीत म्हणाले. मास्तरांच्या आरसी बुकावरून नंबर उतरवून एक्सचेंजचा कागद भरला, आम्ही कधी लावत नाही एवढा भाव लावला, खाली झोकात सही केली. मास्तरांनी कागद नीट वाचला. मग गाडीभोवती एक चक्कर मारली.

"शेठ, भाव छान आहे. पण ही माझी गाडी नाही."

 शेठनं खिशातून किल्ली काढून दाखवली, तुमच्याच किल्लीनं चालू झाली की म्हणाले. सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "शेठ, पुरानी गाडी का लॉक है, किसी भी चाबी से खुल जाता है."

मग कळलं. शेठ इतवाऱ्यात मावा-जिलेबी खायला थांबले होते. तिथं आठ-दहा काळ्या गाड्या उभ्या. खाऊन बाहेर आले आणि बसले भलत्याच गाडीवर. म्हणजे आमच्या मालकानं भरदिवसा कोणाची तरी गाडी पळवून आणली होती! शेठ माझ्याच खुर्चीत कोसळले. "ताई, पोलीस येतील का हो?" तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा काही विचारलं.

मी त्या काळ्या गाडीची सीट उघडली. खाली प्लास्टिकच्या पिशवीत विम्याचा कागद, त्यावर मोबाइल नंबर. मी फोन लावला. पलीकडच्या भाऊंना काही समजेचना.

"माझी गाडी? ती तर माझ्या दारात उभी हाये."

म्हटलं, भाऊ, एकदा बाहेर जाऊन बघा. ते गेले.  मग हळूच म्हणाले, "तरीच म्हटलं, आज ब्रेक काहून लागेना."

अर्ध्या तासात ते मास्तरांच्या गाडीवर बसून आले. त्यांना चहा पाजला, हात जोडले, आपली गाडी घेऊन ते हसत गेले. शेठ माझ्या खुर्चीतून उठले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, टेबल राहू द्या. उद्यापासून मीपण सही करून जाईन." माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, एवढं हलकं वाटलं.

मग शेठनं मास्तरांपुढे हात केला. तो कागद द्या, आता तुमच्या खऱ्या गाडीचा भाव लावू. मास्तरांनी कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. खिशावर हात ठेवून ते म्हणाले,

"शेठ, कागदावर नंबर माझ्याच गाडीचा आहे. आणि सही तुमची."