साहेबांच्या शर्टावर निजलेलं पिल्लू

माझी थोरली जाऊ, म्हणजे आमच्या वहिनी, लाँड्री चालवतात. आधी माझे हे गेले, मग दीर; तेव्हापासून त्या आणि मी, दोघीच. पुढच्या खोलीत काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत हौद, मशीन आणि कांजीचं पातेलं. वहिनींना गिऱ्हाइकाचा चेहरा लक्षात राहत नाही, कॉलर राहते. "ती डावीकडे मान घासणारी बाई येऊन गेली का गं?" असं विचारतात. बोलायला फटकळ, पण मनात काही धरून ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. डूख धरायला त्या शिकल्या गठुळ्यापायी.

गठुळं म्हणजे आमचं कुत्रं. रस्त्यावरचंच. धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर येऊन झोपायचं, म्हणून हे नाव. नऊ वर्षं दुकानाच्या पायरीवर राहिलं. चावलं कुणाला नाही. भुंकायचं ते फक्त पोस्टमनवर, तेसुद्धा नोकरी केल्यासारखं. एके दिवशी सकाळी आम्ही दुकान उघडायच्या आत नगरपालिकेची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. गाडीवाल्याने समोरच्या न्हाव्याला एवढंच सांगितलं, "याच इमारतीतून फोन होता." विचारत विचारत आम्ही दोघी त्यांच्या कोंडवाड्यावर पोचलो तो चौथा दिवस होता. बिनमालकाचं जनावर ते तीन दिवस ठेवतात, मग इंजेक्शन देतात. गळ्यात पट्टा नाही, नावाचा कागद नाही, म्हणजे मालक नाही. वहिनी तिथल्या बाकावर बसल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. एकटेच. आठवड्याला सहा पांढरे शर्ट, कांजी कडक. गठुळ्याचे केस पँटला लागतात म्हणून जाता-येता ते त्याला छत्रीने ढोसायचे. त्या दिवशी संध्याकाळी शर्ट न्यायला आले, रिकाम्या पायरीकडे बघितलं आणि म्हणाले, "चला, पायरी मोकळी झाली."

"फोन तुम्ही केला होतात?" वहिनींनी सरळच विचारलं.

"मी? मला दुसरे उद्योग नाहीत का?" असं म्हणून हसले आणि शर्ट घेऊन वर गेले.

मला वाटलं, आता यांचे कपडे बंद. तर वहिनी म्हणाल्या, "बंद कशाला? माणूस डोळ्यांसमोर राहिला पाहिजे. याच काउंटरपाशी उभं राहून, चार लोकांदेखत, 'हो, मी केलं' असं त्याच्या तोंडून ऐकायचंय मला. बाकी काही नको."

"देव बघून घेईल हो," मी म्हटलं.

"देवाला सगळं जग आहे बघायला. हा एक मी बघते."

चार महिने त्या साहेबांचे शर्ट नेहमीसारखेच करत राहिल्या. मग एक दिवस म्हणाल्या, कुत्रं आणायचं. पण रस्त्यावरचं नाही. कागद असलेलं, पट्टा असलेलं, कुठल्या गाडीची हात लावायची छाती होणार नाही असं. आणि राखणीच्या जातीचं. साहेब जिना चढायला लागले की भुंकलं पाहिजे, उतरायला लागले की भुंकलं पाहिजे. "वैतागून तरी तोंड उघडेल," म्हणाल्या.

शोध घेता घेता एका बाईंचा पत्ता लागला. लांब, डोंगराकडे. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांची पैदास करणाऱ्या. फोनवर त्यांनी एकच अट घातली. "पिल्लू न्यायला याल त्याच्या पंधरा दिवस आधी घरच्या माणसाचं वापरलेलं कापड पाठवा. त्याच्या अंथरुणात घालते. घरी आल्यावर मग ते तुम्हाला परकं मानत नाही."

वहिनींचे डोळे लकाकले. त्यांनी एक नाही, दोन कापडं पाठवली. एक स्वतःच्या उशीचा अभ्रा. दुसरा साहेबांचा, धुवायला आलेल्यांतला एक शर्ट, तसाच, घामासकट. साहेबांना सांगितलं, बटण तुटलंय, तसलंच मिळेपर्यंत थांबा. सोबत चिठ्ठी माझ्याकडून लिहून घेतली. 'अभ्रा माझा आहे, तो अंथरुणात घालणे. शर्ट शत्रूचा आहे, तो पुढे करून पिल्लाला दटावणे.' शत्रू हा शब्द लिहिताना माझा हात अडखळला. वहिनी म्हणाल्या, "लिही. शुद्धलेखनाचे मार्क नाही कापत कुणी."

आणि पार्सल बांधायच्या आधी त्यांनी काय करावं? अभ्रा धुतला. नीळ दिली, कांजी केली, कडक इस्त्री मारून चौकोनी घडी घातली. तीस वर्षांत या बाईच्या हातून मळकं कापड दुकानाबाहेर गेलेलं नाही, आणि आता तर स्वतःचं, तेही परक्या घरी जायचं होतं. मी शेजारीच उभी होते. काही तरी चुकतंय एवढं मला वाटलं, पण काय ते सुचलं नाही. मीही लाँड्रीतलीच.

पंधरा दिवसांनी दुकानाला कुलूप घालून निघालो. एक अख्खा दिवस आगगाडी, मुक्काम, आणि सकाळी तीन तास बस. बाईंचं घर बैठं, मागे तारेचं कुंपण, आणि अंगणभर पिल्लांची लोळण. त्यांनी बोटाने कोपरा दाखवला. "ते तुमचं."

तपकिरी, कान पडलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं. साहेबांच्या शर्टावर पोट टाकून गाढ झोपलेलं. बाही तोंडात.

"हे काय?" वहिनी म्हणाल्या. "अभ्रा कुठाय माझा?"

"तो होय? त्याला साबणाशिवाय वासच नव्हता हो. हुंगलं की शिंकायचं. शर्टाला मात्र बिलगलं ते बिलगलंच. आंघोळीलासुद्धा सोडत नाही."

"आणि दटावायचं लिहिलं होतं ते?"

बाई हसल्या. "अहो, एवढ्याशा जिवाला काय दटावायचं? मला वाटलं, मालकांची थट्टा चाललीय तुमची."

वहिनींचा चेहरा असा झाला, की मी पटकन कुंपणाबाहेर बघायला लागले. करायला गेल्या काय आणि झालं काय! पण परत फिरतील तर त्या वहिनी कसल्या? कागद घेतले, पट्टा बांधला, शर्ट पिशवीच्या तळाशी कोंबला आणि पिल्लू वेताच्या टोपलीत घातलं.

बसमध्ये ते कुईकुई करत होतं, गाडीत बसल्यावर गळा काढला. दूध पाजलं, गोंजारलं, मी हळूच देवाचं नाव घेतलं. काही उपयोग नाही. समोरच्या बाकावरची म्हातारी म्हणाली, "अगं बायांनो, त्याला काही तरी ओळखीचं द्या. आईला सोडून आलंय ते."

"आहे की ओळखीचं," मी म्हटलं.

"तू गप्प बस," वहिनी म्हणाल्या.

सहा स्टेशनं त्यांनी दम धरला. सातव्याला दात-ओठ खात पिशवीत हात घातला आणि तो शर्ट टोपलीत फेकला. पिल्लाने दोनदा हुंगलं, कॉलरीत नाक खुपसलं आणि झोपलं. "मेलं, घरी पोचायच्या आधीच फितूर झालं," वहिनी पुटपुटल्या आणि उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब फिरायला खाली उतरले. पिल्लाने मान उचलली, नाक वर केलं आणि असं धावत सुटलं, की जसा काही बाप परदेशातून आला. बुटांवर लोळलं, आनंदाच्या भरात तिथेच मुतलंही. तेव्हापासून ते साहेबांचंच झालं. जेवायचं आमच्याकडे, बसायचं तिसऱ्या मजल्यावरच्या पायपुसण्यावर. दार लावलं की रडायचं. शेजारपाजारचे सांगायला लागले, "साहेब, घ्या हो आत, बाळ रडतंय तुमचं." न्हावी तर रोज हाक मारायचा, "आज बापलेक कुठे निघाले?" साहेबांच्या पांढऱ्या शर्टांवर पंजे उठायला लागले. छत्री उगारली तर त्याला तो खेळ वाटायचा.

वहिनींच्या काळजात काय होत होतं, ते मी बघत होते. भाकर आपली आणि शेपूट त्याच्यापुढे हलायचं. पण साहेब दिवसेंदिवस कसे लालबुंद होतात, तेही त्या बघत होत्या. एकदा मी पिल्लाला बांधायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे. मी शिकवलं असतं तरी इतकं छळायला जमलं नसतं त्याला."

तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. साहेब शर्ट न्यायला आले. पिल्लाने चिखलाच्या पायांनी त्यांच्या छातीपर्यंत उडी घेतली. साहेबांचा तोल गेला, पायांचाही आणि जिभेचाही.

"आवरा याला! ते आधीचं एका फोनमध्ये गेलं होतं, हेही जाईल!"

वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली.

"कोण गेलं होतं?"

"म्हणजे... तक्रार करायचा हक्क असतो माणसाला."

"आमचं गठुळं परक्याच्या गाडीत आपणहून चढणारं नव्हतं."

"मी काय उचलून टाकलं त्याला? बिस्कीट दाखवलं फक्त. चढलं ते आपलं आपण."

रांगेतल्या एका बाईंच्या तोंडून "अरे देवा" निघालं. साहेबांना तेव्हा कळलं, आपण काय बोलून बसलो ते. वहिनींनी पाच शर्ट काउंटरवर ठेवले आणि त्यांवर पिल्लाचा कागद, शिक्का दिसेल असा.

"करा फोन. याला पट्टा आहे, कागद आहे, मालक आहे. नंबर सांगू?"

साहेबांनी शर्ट उचलले. "सहावा?" एवढंच म्हणाले.

"सहाव्यावर हे निजतं. त्याच्याकडे मागून बघा. आणि पुन्हा आमच्याकडे कपडे आणू नका."

महिनाभर साहेब चुरगळलेल्या शर्टात जिना उतरताना दिसत होते. न्हाव्याने त्यांना दुसऱ्या गल्लीतली लाँड्री सांगितली, तर तिथे ही हकीकत आधीच पोचलेली. पिल्लू अजून त्यांच्यामागे धावतं, आणि ते आता छत्री उगारत नाहीत. गेल्या आठवड्यात दुकानात आले. हातात कपड्यांची पिशवी, मान खाली. हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा चुकलं माझं. तुम्हाला एवढा लळा असेल असं वाटलं नव्हतं."

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, मान जरासुद्धा न हलवता. मग त्यांच्या खांद्यावरून मागे बघून म्हणाल्या, "पुढचं कोण?"

मी रोज देवापुढे हात जोडते तेव्हा मागते, की वहिनींना क्षमा करायची बुद्धी दे. पण खरं सांगायचं तर जरा हळू आवाजातच मागते.