कोनाड्यातून दिलेली ओ

नमस्कार मंडळी. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आजवर एकच सल्ला देत आलो — रात्री जरा कमी जेवत जा! त्यामुळे आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

आमच्या नांदूरघाटात टीव्हीवरच्या एका सिनेमाचं शूटिंग होतं. खुनाचं रहस्य. खून कुणाचा, तर गावातल्या किराणा दुकानदाराचा. मी खरोखरचा दुकानदार, त्यात पोट सुटलेलं — प्रेताचा रोल मलाच मिळाला. माझी बायको सुनंदा रडणाऱ्या बायकांत.

डायरेक्टर पुण्याचा. त्यानं तिरडी बांधून ठेवलेली. मी म्हणालो, "सर, सिनेमातला माणूस आमच्यातला, लिंगायत हाय ना? आमच्यात आडवं न्हाई ठेवत. खड्ड्यात आत कोनाडा कोरतेत, अन् तिथं मांडी घालून बसवतेत."

डायरेक्टर एकदम खूश! लगेच आमच्याच शेतात खड्डा खणायला घेतला. खणणारी युनिटची पोरं, असलं काम कधी न केलेली. पण हौसेला मोल नसतं.

दुपारी कपाळाला भस्म, गळ्यात हार घालून मी कोनाड्यात बसलो, डोळे मिटले. वर बायकांचा आक्रोश सुरू झाला. आणि अगदी कानाशी आईचा आवाज, नेहमीसारखा वैतागलेला — "बाळ्या, ऊठ. च्या निवायलाय."

आईला जाऊन बरीच वर्षं झालीत. पण त्या क्षणी ते आठवलंच नाही. "आलो गं," म्हणत मी सरळ खड्ड्यातून वर चढलो.

"कट! अहो काका, प्रेत कधी उठतं का?" डायरेक्टर ओरडला.

सुनंदा पुढं आली. "कुणाला ओ दिली तुमी?"

मी तोंड उघडणार तोच, धप्प... कोनाड्याचं छत खाली आलं. मी बसलो होतो ती जागा मातीनं गच्च भरली. सुनंदानं माझा हात घट्ट धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

साउंडवाल्या दादानं नंतर रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात बायकांचं रडणं आहे, माझं "आलो गं" आहे. त्याआधी हाक मात्र कुठंच नाही. भास म्हणाल तर म्हणा... पण माती ढासळणार हे भासाला कसं कळलं?

आई होती तोवर तिच्या पहिल्या हाकेला मी जन्मात कधी उठलो नाही. त्या दिवशी उठलो. आईला थँक्यू म्हणायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून इथं लिहितोय — माय, लई उपकार झाले गं.