जड पेन

पेन विकत घ्यायला आलेला माणूस आधी लिहून पाहील, अशी माझी भाबडी समजूत होती. भद्रावतीत लाकूड कातायचं खराद-यंत्र लावून मी बांबूची आणि लाकडाची शाईपेनं बनवायला लागलो, तेव्हा टेबलावर कोरे कागद आणि दौत मांडून बसलो होतो. कागद पिवळे पडले. गिऱ्हाईक टोपण काढतच नाही. पेन तळहातावर ठेवतो, बाजारात कोहळं तोलावं तसा हात वरखाली करतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, "काहीच वजन नाई भाऊ याले. एवढे पैसे कायचे?"

शाई कशी उतरते, बोटं कुठे बसतात, हे एकानेही विचारलं नाही. बांबू इतका पातळ उतरवताना माझा जीव जायचा आणि या दीडशहाण्यांना ते पेन पोकळ वाटायचं. माजरीच्या खाणीतली मंडळी तर कहर होती. निवृत्त होणाऱ्या साहेबाला निरोप समारंभात द्यायचं पेन त्यांनी आळीपाळीने सगळ्यांच्या तळहातावर फिरवलं. एकाने ते कानाशी नेऊन हलवूनही पाहिलं. नारळ होता का तो?

शेवटी वैतागून मी पेनाच्या मागच्या टोकात पितळेचा तुकडा बसवला. त्याने पेन सुधारत नाही, बिघडतं. मागे झुकतं आणि सगळा ताण अंगठ्यावर येतो. पण तीच मंडळी पुन्हा येऊन, ते तोलून, वाढीव किमतीत "आता कसं!" म्हणत घेऊन गेली. त्या दिवसापासून मला गिऱ्हाइकांची कीव येणंही बंद झालं. मूर्खांना हवं ते द्यायचं आणि त्यांची पाठ फिरली की हसायचं, असा माझा धंदा छान चालला.

माझ्या मोठ्या बहिणीला मात्र मी या लोकांत धरत नव्हतो. ती मुलचेऱ्याकडे शाळेत शिकवते. वह्या तपासून तपासून तिचा उजवा अंगठा धरलाय, पोळी मोडतानाही ती कळवळते. तिच्यासाठी मी बांबूचं एक पेन केलं, तिच्या पकडीच्या मापाचं, हातात आहे की नाही कळू नये असं. त्याच्याइतकं चांगलं पेन मी कधी केलं नाही. तिने त्याने रोज लिहावं आणि तिचा अंगठा दुखू नये, एवढीच माझी इच्छा होती.

ती दिवाळीला आली तेव्हा मी ते तिला दिलं. तिने ते तळहातावर ठेवलं आणि हात वरखाली केला.

"साहेब लोकाईले भारी पेन, अन् बहिणीले हा फुसका?" तिने टेबलावरच्या जड पेनाकडे बोट दाखवलं. "मले तोच पायजे. शाळेत साऱ्या बाया पाह्यतेत."

"बाई, त्यानं तुहा अंगठा दुखन."

"दुखू दे."

माझं डोकं फिरलं. मी जड पेन तिच्यासमोर उघडलं, पितळेचा तुकडा चिमट्याने ओढून काढला आणि टेबलावर आपटला. "पाह्य. लिहायले याचा काडीचा उपयोग नाई. फक्त वजनासाठी टाकतो. याच्यावर मी साऱ्या जिल्ह्याले येडं बनवून राह्यलो. आता तूबी त्याईच्यातलीच काय?"

तिने तो तुकडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात फिरवून फिरवून पाहिला. मला हायसं वाटलं. शिकलेली बाई, तिला कळलं असणार.

"असली पितळ हाये नं?" ती म्हणाली. "मंग बरोबर हाये. लोकं उगाच थोडी पैसे देतेत." तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला. "टाक परत आत."

मी टाकला. पेन तिने पर्समध्ये ठेवलं. चेन ओढताना तिचा अंगठा वळेना, म्हणून ती मीच ओढून दिली.