दहापैकी पाच

आमची ताई चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाली आणि तिसऱ्याच आठवड्यापासून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागली. मी घरी शिवणकाम करते. ही मशीनपाशी खुर्ची ओढायची आणि सुरू! "माप आधी वहीत उतरव. टीप अशी नको, तशी घाल." स्वतःला साधं बटण लावता येत नाही, पण सल्ले बघा! एकदा मी भडकलेच. म्हटलं, "अगं, सल्लेच द्यायचेत तर बाहेर जाऊन दे. जगात गरजू कमी आहेत का?"

तेव्हा माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे.

तिच्या जुन्या मुख्याध्यापकांनी तिला एक कंपनी गाठून दिली. शाळांना सल्ला देणारी. निवृत्त शिक्षकांनी शाळेत जायचं, शेवटच्या बाकावर बसून तास बघायचा आणि छापील तक्त्यात शिकवणाऱ्याला दहापैकी गुण द्यायचे. ताईने कार्डंसुद्धा छापून घेतली, 'शैक्षणिक सल्लागार'. पहिलं कार्ड मला दिलं. मी म्हटलं, "माझ्यावर नको हो उपकार," तर केवढी हसली! इस्त्रीचे कपडे कपाटातून बाहेर आले, लाल पेन पुन्हा पर्समध्ये गेलं. खोटं कशाला बोलू, घरात जीव आला होता.

तिसऱ्या की चौथ्या शाळेतून ती धापा टाकतच घरी आली. "ओळख बघू कोण भेटलं? शंकासूर!"

शंकासूर म्हणजे तिची लाडकी विद्यार्थिनी. एवढीशी पोर, सदा बोट वर, "बाई, पण असंच का?" म्हणून भंडावून सोडायची. आता तीच गणित शिकवत होती.

"अगं, अपूर्णांक घेतला तिने. एका कागदाला घड्या घालत गेली, बस्स! वर्गातलं सगळ्यात ढ पोरगं आपणहून फळ्यापाशी आलं. माझ्यापेक्षा सरस शिकवते, लिहून ठेव."

"मग दहा दिलेस ना?"

"वेडी का खुळी तू? पाच दिले."

ही ताईची जुनी खोड. जो आवडता, त्याचे गुण कापायचे. "पूर्ण दिले की पोर तिथेच बसतं," म्हणायची. शंकासूरला तर शाळेत कधी पैकीच्या पैकी मिळालेच नाहीत. दर वेळी हिरमुसायची आणि पुढच्या परीक्षेला दुप्पट तयारीने यायची. आताही ताईने शेरा लिहिला होता, 'पुष्कळ वाव आहे. पुढच्या भेटीत पाहू.'

कसली पुढची भेट! महिन्याभराने शंकासूरच आमच्या दारात. हातात पिशवी, तिच्यात खडूची डबी, चहाचा कप आणि घड्या घातलेल्या कागदांचा गठ्ठा.

"बाई, सहाच्या खालच्या सगळ्यांना काढलं."

शाळेत पोरं घटली होती, शिक्षक कमी करायचे होते. कुणाला काढायचं हे ठरवायलाच सल्लागार बोलावले होते. ताईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं, एवढं मात्र मी म्हणणारच, बहीण असली म्हणून काय झालं.

शंकासूर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून वही काढली, पेन उघडलं आणि विचारलं, "बाई, माझं नक्की काय चुकलं? सांगा ना, मी सुधारीन."

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं. "काही चुकलं नाही गं. तास दहापैकी दहा गुणांचाच होता."

"मग पाच का?"

ताईने सगळं सांगितलं, रडत सांगितलं. शंकासूरने ऐकून घेतलं, वही मिटली आणि "बरं, बाई," म्हणाली. पुन्हा 'का' म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई कंपनीत जाऊन भांडली. तिथला साहेब तिच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, अहवाल शाळेला गेला. आता बदलला तर आमच्यावर विश्वास कोण ठेवील? उलट तुमचे अहवाल किती परखड असतात!" आणि पुढच्या तीन शाळांची यादी पुढे केली. ताईने यादीवर आपली उरलेली कार्डं ठेवली आणि उठून आली.

मग तिने शंकासूरसाठी शिफारसपत्र लिहिलं. चांगलं दोन पानी. एवढं कौतुक तिने सख्ख्या बहिणीचंही कधी केलं नाही. पण शंकासूर नोकरीसाठी जाईल तिथे आधीच्या शाळेचा अहवाल मागायचे. पत्रावर सही ताईची, अहवालावरही ताईचीच. सगळ्यांनी सल्लागाराची खरी धरली. घरी बसलेल्या बाईला कोण विचारतो!

परवा मी अस्तराचं कापड आणायला गेले, तर काउंटरच्या पलीकडे मीटरपट्टी घेऊन शंकासूर उभी. तिने कापड मोजलं, नीट घडी घालून सरळ रेषेत कापलं.

"ताई तुझ्या नावाने झुरते गं," मी म्हटलं.

"मावशी, बाईंना सांगा, मनाला लावून घेऊ नका. मला वाईट वाटू नये म्हणून त्या दहा म्हणाल्या, कळतं मला. बाई उगाच कुणाचे गुण कापत नाहीत. पाचच असणार."

मी भर दुकानात ओरडले, "अगं मूर्ख मुली, दहाच होते!"

ती समजूतदारपणे हसली. पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

घरी आले तर ताई खुर्चीत तशीच बसलेली. "भेटली का गं कुठे?" रोजचा प्रश्न. आज मला 'नाही' म्हणवेना.

"भेटली. कापडाच्या दुकानात आहे."

"काय म्हणाली?"

"काही नाही. माप अगदी बरोबर देते."

"देणारच," ताई म्हणाली. "ती कधी चुकायचीच नाही."

मी मशीन सुरू केलं आणि नुसतीच पायडल मारत बसले. सुईत दोरासुद्धा ओवलेला नव्हता.