पंपाची पूजा

आमचे हे, हिंदुराव, जन्मभर पेट्रोल पंपावर गाड्यांत पेट्रोल भरत आले. रिटायर झाले आणि जुन्या पंपांच्या पाट्या जमवायचं मेलं खूळ लागलं. शिरगावच्या आमच्या हॉलमध्ये देवांच्या तसबिरींपेक्षा 'धूम्रपान मनाई'च्या पाट्याच जास्त. यंदा तर उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडून पंपाचं जुनं मशीनच आणलं.

दसऱ्याला ह्यांनी त्या मशीनला हार घातला आणि ओवाळायला निरांजन लावलं. तेवढ्यात मला वास आला. मशीनच्या पाइपात उरलेलं जुनं पेट्रोल ठिबकत होतं. मी धावले आणि फुंकर मारली.

"पूजेचा दिवा विझवतेस? अक्कल आहे का?"

"पेट्रोलचा वास येत नाही तुम्हाला?"

ह्यांनी पाइप नाकाशी धरून हुंगला. पुन्हा हुंगला. ठिबकणारा थेंब बोटावर घेऊन नाकाला लावला.

"कौसा, कुठाय वास?"