खुर्चीतून दिसणारं अंगण

शरयू सांगलीची. तिचे वडील नाटकांचे पडदे रंगवायचे. सपाट कापडावर लांबच लांब महाल कसा उभा करायचा, हे ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. लग्न होऊन १९८३ साली ती अमेरिकेत एडिसनला आली आणि तिने दोन खोल्यांच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये संसार मांडला. जेवणाच्या टेबलासमोर हातभर अंतरावर कोरी भिंत होती. घास घेताना तिला कोंडल्यासारखं व्हायचं.

त्याच हिवाळ्यात तिने भिंतीवर खिडकी रंगवली. रुंद दगडी कट्टा, कट्ट्याच्या कडेखाली बारीक सावली आणि पलीकडे नदीकाठाने लांब जाणारी वाट.

"लीजमध्ये भिंती रंगवायला मनाई आहे," तिचा नवरा गिरीश म्हणाला. "मॅनेजरने बघितलं तर घर सोडायला लावेल." पण जेवताना खिडकीसमोरची खुर्ची तोच आधी पकडायचा.

मार्चमध्ये हीटर बिघडला आणि बिल्डिंगचा मॅनेजर फ्रँक दुरुस्तीला आला. बोलता बोलता त्याने हातातला पाना सहज त्या कट्ट्यावर ठेवला. पाना खणकन जमिनीवर पडला. फ्रँकने भिंतीवरून तळवा फिरवला. शरयू पाना उचलायला वाकली.

"माझी आई खालच्या मजल्यावर राहते," तो म्हणाला. "व्हीलचेअरवर असते. तिच्यासाठी असं काही कराल?"

म्हातारीला अंगण हवं होतं, आणि त्याचं फाटक उघडं. ब्रश हातात घेण्याआधी शरयूने तिच्या शेजारी खुर्ची टाकली आणि अर्धा तास नुसती भिंतीकडे पाहत बसली. अंगणातल्या फरशीच्या सगळ्या रेषा तिने त्या बसल्या नजरेच्या उंचीवर दूर एका बिंदूत मिळवल्या, म्हणजे खुर्चीतून पाहताना अंगण खरं वाटेल. कामाला तीन आठवडे लागले.

फ्रँक पाहायला आला तो दारातच थबकला. "फाटक जरा कललंय का?"

"तुम्ही उभे आहात म्हणून," शरयू म्हणाली. "हे आईंसाठी आहे."

म्हातारीने त्याची बाही धरून त्याला खाली ओढलं. तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. घर सोडण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

त्याच्याच ओळखीतून शरयूला कामं मिळत गेली. पुढे ती कुणाच्याही घरी गेली, की रंगाचं विचारण्याआधी म्हणायची, "इथे रोज कोण बसतं?"