खडखड थांबावी म्हणून बोललेला नवस

आधी माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे पुढची कृपा नीट कळेल. लग्न होऊन अंजूरहून भिवंडीला आले आणि थोड्याच दिवसांत आळीतल्या गावदेवीला गुपचूप नवस बोलले, "आई, आमच्या भिंतीपलीकडचे माग बंद पाड, पाच नारळांचं तोरण बांधीन." आणि आमचे हे त्याच कारखान्यात माग दुरुस्त करायचे! स्वतःच्या चुलीत पाणी ओतायला देवीला साकडं घालणारी अशी शहाणी सून तुम्ही पाहिली नसेल.

पण माझे कान लहानपणापासून हळवे. ताट पडलं तरी छातीत धस्स व्हायचं. इथे तर रात्रंदिवस खडखड. भिंतीला पाठ टेकली की दात वाजायचे. नामस्मरण करावं, तर नाम मागाच्या वेगाने पळायचं आणि दम मला लागायचा. नव्या नवरीने तक्रार करायची कुणाकडे? म्हणून देवीकडे केली.

पुढे सूत महागलं, कापडाला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि एका दुपारी माग खरंच थांबले. सुरुवातीला मी गाढ झोपले, खोटं कशाला बोलू! मग यांना उंबऱ्यावर नुसतं बसलेलं पाहिलं. सासूबाई अर्धी भाकरी बाजूला सारून "भूक न्हाय" म्हणायला लागल्या. ती शांतता मला खडखडीपेक्षा जास्त टोचू लागली.

देवळात गेले, पण नवस परत कसा घ्यायचा ते मला कुणी शिकवलं होतं? शेजारी एक अनोळखी बाई, कुणा माग चालवणाऱ्याची बायको असावी, डोळे मिटून पुटपुटत होती, "माता, वो आवाज फिर से सुना दे." मला हुंदकाच फुटला. तिने काही न विचारता पदराच्या गाठीतले चणे माझ्या हातावर ठेवले. "खा ले बेटी, सब चालू होगा." एकाच देवीकडे माझा नवस माग बंद पाडायचा, हिचं मागणं सुरू करायचं, देवीने तरी कुणाचं ऐकावं? देवीला सल्ले देणं मी तिथेच सोडलं. "तुला कळतं ते कर," एवढंच म्हटलं आणि घरी आले.

काही आठवड्यांनी माग सुरू झाले. मी कान गच्च दाबून हसत होते आणि डोळे वाहत होते. ते देवीने केलं की बाजाराने, मी वाद घालत नाही. घर वाचलं, एवढं खरं. कान मात्र आजही तसेच. कुकरची शिट्टी व्हायच्या आत नात मला गॅलरीत हाकलते.

माग सुरू झाले त्याच संध्याकाळी मी सासूबाईंपाशी नवसाचं सगळं कबूल केलं. त्या पोट धरून हसल्या. मग आतल्या शांत खोलीतली आपली गोधडी उचलून मागाच्या भिंतीशी आणून टाकली आणि म्हणाल्या, "आजपासून मी हितं, तू आत. देवीला सांगितलंस, मंग घरात सांगायला काय झालं व्हतं गं? मी काय खानार हाय का तुला?"